शब्दचर्चा : 'दुमजली बंगला' म्हणणं चूक का?

ओसरी : इंग्रजी शब्दकोशांत 'बंगलो' म्हणजे एकमजली घर. आपल्याकडे मात्र 'दुमजली बंगला' सर्रास म्हणतात. हा चुकीचा प्रयोग मानायचा का? इंग्रजांच्या लष्करी छावणीतल्या जुन्या घरांबद्दल लिहिताना व्हरांड्याला 'ओसरी' म्हटलं तर चालेल का?

आढं-वासे : चूक अजिबात नाही. एकमजलीची अट विलायतेत चिकटली. मुळात 'बांगला' म्हणजे बंगाली धाटणीचं घर : बांबूचा सांगाडा, कुडाच्या नाहीतर मातीच्या भिंती, वर दुपाखी, म्हणजे दोन उतारांचं, गवती छप्पर. त्याचं आढं (दोन उतार जिथे मिळतात ती वरची कड) मध्यावर उंच आणि दोन्ही टोकांना झुकलेलं, वळचणही तशीच वाकलेली. बांबू वाकतो म्हणून तो आकार सहज जमतो आणि तिकडच्या पावसाचं पाणी छपरावर रेंगाळत नाही. पुढे हाच आकार विटा-दगडांत गेला. बंगालमधल्या बिष्णुपूरचं जोडबांगला मंदिर (१६५५) म्हणजे अशी दोन घरं एकमेकांना जोडून. मुघलांनाही तो भावला, लाहोरच्या किल्ल्यातला नौलखा मंडप पाहा. तेव्हा शब्दाचा संबंध आधी छपराशी, मजल्यांशी नव्हे.

नोंदवही : आणि थाटमाटाशी तर मुळीच नाही. १६७६ मध्ये बंगालमधल्या हुगळीच्या इंग्रज वखारीत ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांवरच्या माणसांसाठी 'बंगले किंवा खोपटी' उभारायचं ठरल्याची नोंद आहे. दोन्ही शब्द एकाच दमात! साहेबाचं प्रशस्त घर हा अर्थ त्यानंतरचा.

आढं-वासे : त्या साहेबी घराचा आराखडा एकदा डोळ्यांसमोर आणला की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात. उंच जोतं, कारण ओल आणि सरपटणारे प्राणी. मध्ये एक मोठं दालन, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि सगळ्याला वेढणारा आठ ते बारा फूट रुंद व्हरांडा. व्हरांड्याचे कोपरे भिंत घालून बंद करायचे, तिथे न्हाणीघर नाहीतर कपडे बदलायची खोली. न्हाणीघराला बाहेरून वेगळं दार, कारण पाणी भरणारा आणि सफाई करणारा घरातून जाऊ नये. सगळा समाजव्यवहार त्या एका दारात दिसतो. स्वयंपाकघर आगीच्या आणि धुराच्या भयाने पार मागे, नोकरांच्या खोल्यांच्या रांगेत.

मधल्या दालनाला बाहेरची भिंत नसते, म्हणून त्याची उंची व्हरांड्याच्या छपराच्या वर काढून तिथे झरोके ठेवत, दोरीने उघडता येतील असे. गरम हवा तिथून निघते. गवती छपराखाली चुन्याने रंगवलेलं कापड ताणून बसवत. त्याने धूळ, किडे आणि अधूनमधून उंदीर अडत. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारायचं.

आता ओसरीचं. वाड्याची ओसरी किंवा सोपा आत, चौकाकडे उघडतो. बंगल्याचा व्हरांडा बाहेर, बागेकडे. वाडा रस्त्याला पाठ देतो, बंगला कुंपणाच्या मधोमध एकटा उभा राहतो. म्हणून छावणीच्या घराला 'व्हरांडा'च लिहा. मुख्य भिंतीला टेकवून एका उताराचं छप्पर खाली आणलं असेल तर 'पडवी' चालेल. 'ओसरी' किंवा 'सोपा' मात्र नको.

चुनागच्ची : कौलारू बंगल्याच्या दुरुस्तीवर लिहिणार असाल तर हेही घ्या. मंगलोरी कौलं १८६५ नंतरची, त्या वर्षी बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कारखाना काढला. त्याआधीचं छप्पर गवताचं किंवा नळीच्या कौलांचं. नळीची कौलं माकडं-मांजरांनी सरकतात, म्हणून दर वर्षी पावसाआधी शाकारणी. मंगलोरी कौल रिपेला (आडव्या लाकडी पट्टीला) अडकतं, सरकत नाही. १०० चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात, पण रिपांमधलं अंतर कौलाच्या मापाशी जुळलं नाही तर खाच बसत नाही आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. दोन उतार मिळतात त्या पन्हळीत पाला साचतो, गळती बहुतेक तिथूनच. वाशांची जी टोकं भिंतीत गाडलेली असतात ती आधी तपासा. वाळवी बाहेरून दिसत नाही, टोचणीने टोचून पाहावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. विटेतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, क्षार वर येतात आणि गिलाव्याचे पापुद्रे निघतात. दुसरी चूक, व्हरांड्याला काचा लावून खोली वाढवणं. दालन अंधारतं, झरोके असून नसून सारखे, कारण खालून गार हवा यायची वाटच बुजलेली असते.

नोंदवही : मूळ प्रश्नाकडे. १८६९-७० मध्ये जॉन टेलर या वास्तुविशारदाने इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या वेस्टगेटला समुद्रकाठी बंगले बांधले आणि त्यांना तेच नाव दिलं. पुढे शेजारच्या बर्चिंग्टनलाही झाले. १८८२ मध्ये कवी-चित्रकार रॉसेट्टी वारला तो तिथल्याच बंगल्यात. सुट्टीचं, जिना नसलेलं, व्हरांड्याचं घर म्हणून तो शब्द तिकडे रुजला आणि हळूहळू 'एकमजली' एवढाच उरला. मराठीने दुसरा धागा धरला : स्वतःचं छप्पर, स्वतःचं आवार, भिंतीला भिंत नाही.

ओसरी : म्हणजे शेजाऱ्याशी सामाईक भिंत असलेल्या रो-हाउसला जाहिरातवाले 'बंगलो' म्हणतात, चूक ती?

आढं-वासे : हो. तीन मजले चढवा, हरकत नाही. पण चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे.