इको रिपोर्टमधल्या ‘स्ट्रेन’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
माझ्या मावशीची केमो चालू आहे. तिच्या एका औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधून मधून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात. परवाच्या रिपोर्टमध्ये ‘ग्लोबल लाँगिट्यूडिनल स्ट्रेन उणे १९ टक्के’ असं होतं. मावशीने विचारलं, “स्ट्रेन म्हणजे काय गं?” मला शाळेच्या पुस्तकातला शब्द आठवला, म्हणून मी ‘विकृती’ म्हणाले. ती एकदम गप्प झाली. रात्री आईला म्हणाली, “माझ्या हृदयात विकृती निघाली.” डॉक्टरांनी तर सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. माझ्या एका शब्दाने तिची झोप उडाली, हे मला फार लागलं. ‘ताण’ म्हणावं का?

प्रतिसाद
‘ताण’ नको. मी भौतिकशास्त्र शिकवत असे. बल लावल्यावर पदार्थाच्या आत निर्माण होतं ते प्रतिबल. त्यामुळे लांबीत जो फरक पडतो, त्याचं मूळ लांबीशी गुणोत्तर म्हणजे विकृती. ‘ताण’ हा कारणाकडचा शब्द आहे आणि स्ट्रेन हा परिणाम. शिवाय ‘हृदयावर ताण’ ऐकून मावशींना वाटेल, हृदय थकलंय.

‘विकृती’ शास्त्रात चूक नाही. प्रकृती आणि विकृती अशी जुनी जोडी आहे, तिथे विकृती म्हणजे फक्त बदललेलं रूप. पण आज घरात हा शब्द उच्चारला की मनात बिघाडच येतो. या अर्थाचा ‘स्ट्रेन’ हा शब्द मुळात लोखंडाच्या सळया नि तारा तपासणाऱ्यांचा. खरं तर इकोचं यंत्रही तिकडूनच आलं. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी हृदयाचे पहिले पडसाद टिपले, ते धातूतले दोष शोधायच्या यंत्राने.

प्रतिसाद
मी इको काढते. पेशंटना सांगते, “तुमच्या हृदयाचा स्नायू दर ठोक्याला किती आखूड होतो, ते मोजलंय.” १० सेंटीमीटरची दोरी ८ ची झाली, तर उणे २० टक्के. उणे कशाला, तर लांबी कमी झाली म्हणून. निरोगी हृदयात हा आकडा उणे २० च्या आसपास असतो. पडद्यावर स्नायू रव्यासारखा दाणेदार दिसतो. त्यातले दाणे एका ठोक्यात कुठून कुठे सरकले, त्यावरून संगणक हे मोजतो.

‘पंपिंग ६० टक्के’ ऐकूनही लोक घाबरतात, उरलेलं ४० टक्के बंद पडलं असं समजतात. भरलेल्या रक्तापैकी ६० टक्के एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढाच त्याचा अर्थ. शंभर टक्के कुणाचंच नसतं.

केमोत स्ट्रेन बघतात, कारण पंपिंग कमी होण्याआधी तो घसरू शकतो. केमोआधी किती होता?

विचारणा
उणे २१.

प्रतिसाद
म्हणजे मूळच्या आकड्यात साधारण साडेनऊ टक्के घसरण. १५ टक्क्यांच्या पुढे गेली की डॉक्टर सावध होतात. हे मावशींना नक्की सांगा. पुढचा इको चुकवू नका आणि शक्यतो त्याच मशीनवर काढा, मशीन बदललं की आकडा थोडा हलतो.

विचारणा
सांगितलं. सगळं ऐकून मावशी म्हणाली, “म्हणजे दर ठोक्याला नीट आक्रसतंय ना?” ती आयुष्यभर शिवणकाम करत आली आहे.

प्रतिसाद
आक्रसणे! फार चांगला शब्द. ‘आखडणे’ मी मुद्दाम टाळते, पाय आखडतो तेव्हा तो दुखतो. ‘आटणे’ही नको, आटलेलं कापड पुन्हा मोठं होत नाही. थंडीत अंग आक्रसतं आणि ऊब मिळाली की सैल होतं, हृदयाचं तसंच आहे. उद्यापासून पेशंटना असंच सांगेन.

प्रतिसाद
हृदयाच्या लांबीसाठी उत्तम. रोहिणीला, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला, मात्र हा शब्द लावता येणार नाही, ती ठोक्याबरोबर रुंदावते, म्हणजे तिचा स्ट्रेन अधिक चिन्हाचा. मानेच्या रोहिणीच्या सोनोग्राफीबद्दल लिहिताना सगळे ‘लवचीक’ लिहितात, तेही मला खटकतं. लवते ती वेताची छडी. रोहिणीने फुगून पुन्हा मूळ मापावर यायचं असतं. त्याला नेमका शब्द ‘स्थितिस्थापक’. तो जड वाटत असेल तर ‘फुगून पूर्ववत होणारी’ असं सरळ लिहावं. उलट बाजूला ‘ताठर’ चांगला शब्द आहे, ऊन खाऊन कडक झालेल्या रबरी नळीसारखी. पण ‘जाड’ आणि ‘ताठर’ एक समजू नये. भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. ताठरपणा वेगळा मोजावा लागतो, ठोक्याबरोबर नळी किती रुंदावली त्यावरून.