फोटोंपेक्षा १०बीई (देणगीचं कर-प्रमाणपत्र) वेळेवर पाठवा

"देणगीदाराला दर महिन्याला फोटो आणि अहवाल पाठवत राहिलं की विश्वास आपोआप बसतो" हे मत मला अर्धंच पटतं. फोटो बघून बरं वाटतं, पण माणूस संस्थेला जोखतो तो जून-जुलैत, रिटर्न भरताना. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०जीची (म्हणजे देणगीवर मिळणारी आयकरातली) वजावट नुसत्या पावतीवर मिळत नाही. संस्थेने ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी (आयकर खात्याला द्यायचा देणग्यांचा तपशील) भरायचा आणि १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराच्या हातात द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क संस्थेला, आणि चार-चार फोन करायची वेळ देणगीदारावर. (२,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, नव्या करप्रणालीत तर ८०जी नाहीच, हे पैसे घेतानाच सांगून टाकावं. मागाहून कळलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं.)

कागदांइतकाच विश्वास बसतो तो पैसे सांगितलेल्या कामालाच लावल्याने. मी एका छोट्या संस्थेचे हिशेब बघतो. एका काकांनी ग्रंथालयासाठी रक्कम दिली होती आणि ऐन पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं. पैसे खात्यात पडून होते, कोणी विचारलंही नसतं. तरी आमच्या अध्यक्षबाईंनी आधी काकांना फोन केला. ते सरळ नाही म्हणाले, पुस्तकंच घ्या. बाईंनी वाद न घालता पुस्तकं घेतली, छपरासाठी वेगळी वर्गणी काढली. पुढच्या वर्षी काकांचा चेक आला तेव्हा सोबत कसलीच अट नव्हती.