मदत हवी आहे: पार्ट बदलला, नंबर तोच – तुमच्याकडे काय नियम आहे?

क्वालिटी ट्रेनिंगसाठी जनरल मोटर्सचं 2014 चं इग्निशन स्विच रिकॉल घेतलंय. शेव्हर्ले कोबाल्टच्या स्विचमधला प्लंजर (किल्ली जागेवर धरून ठेवणारी, स्प्रिंगवरची छोटी दांडी) आखूड, स्प्रिंगला जोर कमी. किल्ल्यांचा जड जुडगा लोंबत असताना धक्का बसला की किल्ली ‘रन’वरून ‘अ‍ॅक्सेसरी’वर सरकायची, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, वर एअरबॅगही उघडायची नाही. 2006 मध्ये लांब प्लंजर मंजूर झाला, पण पार्ट नंबर तोच ठेवला! (खरा गुन्हा हाच.) जुने-नवे स्विच मिसळले, तपास करणारे वर्षानुवर्षं चकले. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले.

माप, फिटमेंट तेच आणि फक्त स्प्रिंगचा जोर बदलला, तर तुम्ही नवा नंबर देता की नुसतं रिव्हिजन लेटर (तोच नंबर, पुढे बदलाचं A, B असं अक्षर)? सप्लायरकडचा आणि स्पेअर्समधला जुना स्टॉक वेगळा कसा काढता?