डीएलएलमधून उघडलेल्या कन्सोलवर काहीच उमटत नाही

प्रश्न: इंदूरच्या सियागंजातील एका घाऊक दुकानाच्या वजनकाट्यासाठी मी विंडोजवर डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामने वापरायची कोडची फाइल) लिहीत असून, तिच्यातून अलॉककन्सोल हे फंक्शन वापरल्यावर कन्सोलची काळी खिडकी उघडते, पण मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफचे एक अक्षरही तिच्यात उमटत नाही.

उत्तर: कन्सोल उघडला तरी सी-रनटाइमचे (सी भाषेच्या मूळ लायब्ररीचे) एसटीडीआउट, म्हणजे मजकूर बाहेर जाण्याची वाट, आपोआप त्याला जोडले जात नाही, म्हणून फ्रीओपन या फंक्शनने ते ‘कॉनआउट$’ला (कन्सोलच्या पडद्याला) आणि एसटीडीइन, म्हणजे मजकूर आत येण्याची वाट, ‘कॉनइन$’ला (कन्सोलवर टंकलेल्या मजकुराला) जोडावे. मात्र हे काम डीएलएलमेनमध्ये (डीएलएल लोड होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) करू नये.

दुसरे उत्तर: डीएलएल /एमटीने (रनटाइम आतच बांधणाऱ्या कंपायलरच्या पर्यायाने) बांधली असेल तर तिचा रनटाइम स्वतंत्र असतो, त्यामुळे मूळ प्रोग्रामचे प्रिंटएफ तरीही मुकेच राहील. दोन्हीकडे /एमडी (सामाईक रनटाइम वापरणारा पर्याय) ठेवावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, ‘वजन 49.850’ ही ओळ अखेर दिसली. परंतु मुनीमजींनी कन्सोलच्या फुलीवर टिचकी मारताच अख्खा प्रोग्रामच बंद पडला!

उत्तर: तसे होणारच, कन्सोल बंद केला की विंडोज प्रोग्रामही संपवते. दुकानात कन्सोलऐवजी लॉग फाइलच (नोंदी लिहून ठेवणारी फाइल) बरी.