चौकात हात करून गाडी अडवायची पद्धत बंदच करावी का?

रंकाळाकाठ

गेल्या मंगळवारची गोष्ट. पोरीला क्लासला सोडून परत निघालो होतो. चौकाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण त्या चौकाशी माझं काही वैर नाही. सिग्नल हिरवा होता, मी वळलो आणि झाडाच्या मागनं मामा शिट्टी मारत पुढं आले. गाडी बाजूला घेतली. स्टँड लावायच्या आत दुसऱ्यानं हात घालून चावी काढली, खिशात टाकली आणि तो पुढच्या गाडीकडं गेला. माझ्याकडं बघितलंही नाही.

हेल्मेट नव्हतं. कबूल. दंड भरायला ना नाही. पण वीस मिनिटं मी तिथं गुन्हेगारासारखा उभा. ओळखीचे दोघं हॉर्न देऊन हसत गेले. माझ्यानंतर अडवलेल्या एका पोरानं फोन लावला, "घ्या, बोला जरा" म्हणून मोबाईल पुढं केला. पलीकडं कोण होतं देव जाणे. "हां हां, बरं बरं" झालं आणि पोरगं गाडी काढून गेलं. मग माझ्याकडं वळून प्रश्न आला, "मशीनवर करायचं का असंच बघायचं?" "असंच" म्हणजे काय ते कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी म्हटलं मशीनवर. चलन निघालं, मेसेज आला, चावी मिळाली.

माझं म्हणणं साधं आहे. त्या दोन माणसांमधल्या तीन फुटांत सगळा घोळ होतो. ओळख, फोन, चिरीमिरी, आवाज चढवणं, सगळं तिथंच. ते तीन फूट काढून टाका. चौकाचौकात कॅमेरे आहेत, त्यांना काम करू द्या. चूक केली की फोटो आणि चलन घरी. कॅमेऱ्याला मेव्हणा नसतो.

फुलेवाडीचा भाऊ

एवढी मोठी कथा सांगितलासा, त्यात "हेल्मेट नव्हतं, कबूल" ही एकच ओळ. बाकी सगळी चावीची रडगाणी. आणि पोरीला सोडून आलो म्हणायलाय, तिच्या डोक्यावर हेल्मेट हुतं का? ते न्हाई सांगितलं.

मामा झाडामागं उभा हुता म्हणून तुम्हाला राग. समोर उभा असता तर तुम्ही अलीकडच्या गल्लीतनं वळला असता. आपण सगळेच वळतोय. पुढनं येणारा लाईट मारतोय, की लगेच निम्मी गर्दी बोळात. आपलं गाव आहे हे, मला शिकवू नका.

काळा कोट

भावनेत वाहून जाण्याआधी कायद्यात काय आहे तेवढं सांगतो.

गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की लायसन्स दाखवावं लागतं, मोटार वाहन कायदा 1988, कलम 130. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं चालतं, मूळ कागदाचा हट्ट धरता येत नाही. फक्त गॅलरीतला फोटो दाखवू नका, तो धरत नाहीत. काही ठरावीक प्रसंगी लायसन्स ताब्यात घेता येतं (कलम 206), रजिस्ट्रेशन किंवा परमिट नसेल तर गाडी अडकवून ठेवता येते (कलम 207). पण चालत्या माणसाच्या गाडीची चावी उपटून खिशात टाकावी असं कलम मला तरी कुठं सापडलेलं नाही. खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलन करायची पद्धत होती, तीही बंद करा असं राज्याच्या वाहतूक विभागाच्या वरिष्ठांनी 2025 मध्ये लेखी बजावलं.

आणि हे फार कुणाला माहीत नसतं. 2019च्या दुरुस्तीत कलम 210ब आलं. कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला तर दंड दुप्पट. विनाहेल्मेट मामा दिसला तर हे आठवा. मोठ्यानं म्हणू नका, नुसतं आठवा.

हेल्मेटचं म्हणाल तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं, मागं बसणाऱ्यालाही. तेव्हा फुलेवाडीच्या भावाचा प्रश्न बरोबर आहे.

हवालदाराची लेक

गप्प बसणार होते, पण "चावी उपटली" वाचलं आणि राहवलं नाही.

माझे वडील पोलीस खात्यातून निवृत्त झाले, शेवटची नऊ वर्षं वाहतूक शाखेत. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे घमेल्यात गरम पाणी, त्यात मूठभर खडेमीठ आणि पाय. रुमाल धुतला की पाणी काळं व्हायचं, आई म्हणायची हा धूर ह्यांच्या छातीत किती गेला असेल. नवरात्रात आणि शाही दसऱ्याला दहा-अकरा तास उभं राहायचं, लघवीला जायचं तर एखाद्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला विचारून. आता त्या ड्युटीला पोरी असतात, त्यांचं काय होत असेल ते तुम्ही विचारही केला नसेल. 2019च्या पुरात शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला, ट्रकांच्या रांगा लागल्या, तेव्हा ट्रकवाल्यांना चहा कुठं मिळेल हे सांगणारा माणूसच होता, कॅमेरा नव्हता.

चावीबद्दल. बाबासुद्धा चावी काढायचे. मी कायद्याची शिकलेली, मी भांडले होते त्यांच्याशी. त्यांनी बाही वर केली आणि कोपर दाखवलं. एका पोरानं थांबल्यासारखं करून एकदम रेस केली होती, बाबांचा हात हँडलवर. तीस-चाळीस फूट फरपटत गेले. त्या कोपराची कातडी अजून गुळगुळीत आहे, त्यावर केस उगवत नाहीत. "कलम तू बघ, मी हँडल बघतो," म्हणाले.

ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण चावीवर जाणारा हात नेहमी मस्तीचाच असतो असं नाही, कधी तो घाबरलेलाही असतो.

आणि ते "घ्या, बोला जरा" म्हणून पुढं केलेले फोन? ते फोन पोलीस लावत नाहीत हो. आपण लावतो. मग पलीकडनं नगरसेवक, त्यांचा पीए, तालमीचा अध्यक्ष, कुणीही. नाही ऐकलं तर बदली, ऐकलं तर इथं धागा.

टेम्पोवाला

म्या छोटा हत्ती चालवतो, गांधीनगर ते गोकुळ शिरगाव, दिवसाला चार-पाच फेऱ्या. तुम्हा स्कूटरवाल्यांस्नी कॅमेरा ग्वाड लागतोय कारण तुमची गाडी तुमच्या नावावर हाय. माझी गाडी शेटच्या नावावर. चलन त्याच्या मोबाईलवर. मला कवा कळतंय? पगाराच्या दिवशी. "हे बघ, मागच्या महिन्यात तीन," म्हणून पैसे कापतोय. कुठं झालं, कसं झालं, काय आठवत न्हाई. माल उतरताना दुकानाच्या दारात गाडी लावली असंल, दुसरीकडं कुठं लावू, डोक्यावर?

मामा आसला तर दोन शब्द बोलता येत्यात. "साहेब, दहा मिन्टं, पोती उतरतो आन जातो." निम्म्या येळंला तो "चल, लवकर कर" म्हणतोय. कॅमेऱ्याम्होरं हात जोडून काय उपेग?

आन खरं सांगू? कवा कवा शंभरात भागतंय. मशीनवर गेलं की हजार. तुमची तत्त्वं तुमच्यापाशी.

काळा कोट

टेम्पोवाले, एक सावध करतो. 2018 पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यायला लागली तर सात दिवसांत कळवलं की सुटका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064.

टेम्पोवाला

वकीलसाहेब, सात दिवसांत तक्रार करतो. आठव्या दिवशी त्याच चौकातनं जायचंय मला. नवव्या बी.

निपाणीचा

मी दर महिन्याला अंबाबाईला येतो. गाडी KA-23, म्हणजे कर्नाटक पासिंग. चौकात दहा गाड्या एकदम सुटतात. पुढं बिनहेल्मेटची कोल्हापूरची एमएच नऊ, मागं ट्रिपल सीट एमएच नऊ, मध्ये सगळे कागद असलेला मी. शिट्टी कुणाला? सांगायची गरज नाही. पीयूसी, इन्शुरन्स, लायसन्स सगळं दाखवलं की मग चेहऱ्यावर निराशा. एकदा तर शेवटी नंबर प्लेटवर चिखल आहे म्हणाले. पावसाळ्यात चिखल नाही तर काय असणार?

आमच्या बाजूला एमएच गाड्यांचंही हेच होतं, मान्य. म्हणूनच म्हणतो, कॅमेरा बरा. त्याला पाटी कुठली ते कळतं, पण गिऱ्हाईक म्हणून कळत नाही.

पुणे-कोल्हापूर दर शनिवारी

कॅमेऱ्याची आरती ओवाळताय म्हणून माझाही अनुभव. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम किती वर्षं चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. डायव्हर्जन आलं की चाळीसची पाटी. डायव्हर्जन संपलं, रस्ता मोकळा, पाटी तशीच, किंवा दुसरी पाटीच नाही. त्या मोकळ्या तुकड्यावर उताराला इंटरसेप्टर गाडी, स्पीडगन लावलेली. कुणी अडवलं नाही, कुणी बोललं नाही. घरी येऊन अंघोळ करून जेवायला बसलो तर मेसेज. दोन हजार. कारला वेगाचा दंड कायद्यानं एक ते दोन हजार, म्हणजे वरचं टोक.

फोटोत माझी गाडी आहे, वेग लिहिलाय, पण तिथली मर्यादा किती होती आणि ती पाटी कुठं होती, हे फोटोत नाही. अडवलं असतं तर निदान बोट दाखवून "साहेब, पाटी कुठाय?" म्हटलं असतं. ऑनलाइन तक्रार टाकली, उत्तर अजून यायचंय.

काळा कोट

ह्याला नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ, 2021 साली आला. कॅमेरा, स्पीडगन वगैरे यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्यानं घ्यावं लागतं. ज्या रस्त्यावर असं यंत्र आहे तिथं आधी ठळक फलक हवा. गुन्ह्यानंतर 15 दिवसांत नोटीस हवी. तक्रारीत हे तिन्ही मुद्दे लिहा. लोकअदालतीची नोटीस येईपर्यंत थांबू नका, तिथं गेलं की माणूस रांगेला कंटाळून भरूनच येतो. मी रोज बघतो.

त्याच नियमात पोलिसांच्या अंगावर लावायचा कॅमेराही यंत्र म्हणून धरलाय. म्हणजे चौकात माणूस ठेवा आणि त्याच्या छातीवर कॅमेरा लावा, हे आजच्या नियमात बसतं. कापून टाकायचे ते तीन फूट रेकॉर्ड करा की.

फुलेवाडीचा भाऊ

छातीवरचा कॅमेरा चालू करणार कोण? मामाच न्हवं?

राजारामपुरी, मेन रोडची वरची खोली

तुम्ही सगळे अडवलं म्हणून रडताय, मी अडवत नाहीत म्हणून. माझ्या खिडकीखालनं रात्री साडेदहानंतर बुलेट जातात. फटाका सायलेन्सर. सासूबाईंचं बायपास झालेलं, प्रत्येक "धाड"ला त्या उठून बसतात. कॅमेऱ्याला आवाज ऐकू येतो का? येत नाही. नंबर प्लेटवर आकडे कमी आणि "राजे" जास्त, कॅमेऱ्याला वाचता येतं का? नाही. ती बुलेट थांबवायला माणूसच लागतो, जो पुढं उभा राहील आणि हात करील. जप्त केलेल्या सायलेन्सरवरनं पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचं मी पेपरात बघितलं तेव्हा देवाला साखर ठेवली होती.

आणि ती मिसरूड न फुटलेली पोरं? लायसन्स नाही, तिघं तिघं. कॅमेरा चलन पाठवतो बापाला, बाप भरतो किंवा भरत नाही, पोरगं दुसऱ्या दिवशी परत गाडीवर. जागेवर अडवून गाडी काढून घेतली आणि बापाला बोलावलं, तरच फरक पडतो.

@रंकाळाकाठ, कॅमेऱ्याचं एवढं कौतुक आहे तर एक करा. गाडीचा नंबर टाकून बघा, तुमच्या नावावर किती चलनं पडलीत. बघितलंय कधी?

काळा कोट

त्या पोरांबद्दल पुस्ती जोडतो. अल्पवयीनानं गुन्हा केला तर कलम 199अ. पालक किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. बापांनी एकदा वाचून ठेवावं.

रंकाळाकाठ

दोन दिवस लिहिलं नाही. राजारामपुरीच्या ताईंनी सांगितलं म्हणून नंबर टाकून बघितला.

तीन निघाली. एक मंगळवारचं, ते माहीत होतं. दुसरं झेब्रा पट्ट्यावर थांबल्याचं, चार महिन्यांपूर्वीचं, मेसेज आला असेल, मी बँकेचा समजून पुसला असेल. तिसरं उघडलं. संध्याकाळी सात पाच. फोटो मागनं काढलेला, गाडी माझी, गाडीवर तिघं. चालवणाऱ्याचं तोंड दिसत नाही. पण अंगात पेठेच्या टीमची जर्सी आणि पाठीवर 7 नंबर. ती जर्सी मी शिवून आणली, आकडा लावायचे पैसे मी दिले. पोरगं बारावीत आहे, अठरा व्हायला अजून पाच महिने.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो फोन करायचा. एक शाळासोबती आहे खात्यात. नंबर काढला सुद्धा. मग ठेवला.

फुलेवाडीचा भाऊ

त्या दिवशी सात वाजून पाच मिन्टांनी एखादा मामा झाडामागं असता तर? आता सांगा, बंद करायचं का सुरू ठेवायचं?

हवालदाराची लेक

राहू दे ओ भाऊ, बाप आहे तो.

रंकाळाकाठ

उत्तर देत नाही. तिन्ही भरली. पोरगं दोन दिवस बोलत नाही माझ्याशी, आईच्या मागं लपून जेवतंय. गाडीची चावी काढून घेतलीय, उशाखाली ठेवतो.

काळा कोट

कुठल्या कलमाखाली?