विषय : उत्तर : उत्तर : ‘हात पसरून’ चालणार नाही (१८ तारखेची सबटायटलं)

अक्का, अशोक चौक, सोलापूर, १० जानेवारी, रात्री ११.४०

मंडळी,
फाइल झाली. १८ ला गच्चीवर दाखवायचा ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा ‘डार्मोक’, ४५ मिनिटांचा भाग, मराठी सबटायटलांची शेवटची ओळ आत्ता टाकली. एकच वाक्य अडलंय, पण त्याच्यावरच सगळा भाग उभा आहे, म्हणून एवढ्या रात्री लिहितेय.

परग्रहावरच्या तामारियन लोकांचा कप्तान डेथन जळतं लाकूड आपल्या यानाच्या कप्तान पिकार्डकडे टाकतो तो प्रसंग. ‘टेंबा, हिज आर्म्स वाइड.’ मी ‘टेंबा, हात पसरून’ असं लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘काय मागतोय तो?’ आणि माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे हात पसरतो तो मागणारा. इथे तर तो माणूस देतोय. शब्द बरोबर आणि अर्थ थेट उलटा!

‘हात फैलावून’ हिंदी वाटतं. ‘बाहू पसरून’ म्हटलं की मिठी आली. ‘मुक्तहस्ते’ लिहावं तर कोडंच सुटून जातं. उद्या संध्याकाळपर्यंत सुचवा, परवापासून मला सिद्धेश्वर यात्रेच्या गडबडीत वेळ नाही.

---

अप्पा, ११ जानेवारी, सकाळी ६.१५

> ‘मुक्तहस्ते’ लिहावं तर कोडंच सुटून जातं

मग सुटू दे की. अक्का, गच्चीवर निम्मी माणसं साठीच्या पुढची असणार. १३ ला अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, १४ ला अक्षता, १६ ला दारूकाम, एवढं सगळं पायी फिरून १८ ला येणार ती. त्यांना कोडी घालू नकोस. ‘घे, तुझ्यासाठी’ असं सरळ लिही. ‘शाका, व्हेन द वॉल्स फेल’च्या जागी ‘फसलं’ लिही. लोकांना गोष्ट कळली पाहिजे.

प्रोजेक्टर नेहमीप्रमाणे मीच लावणार. दुसऱ्या कुणी फोकसला हात लावू नये. मागच्या गड्ड्याच्या यात्रेला सबटायटलं चार सेकंद मागे पडली, ती प्रोजेक्टरमुळे नव्हे, हे पुन्हा सांगतो.

---

नाना, ११ जानेवारी (इकडे अजून १० च आहे)

अप्पा, माफ करा, पण असं केलंत तर तो भाग दाखवूच नका.

हा भाग १९९१ चा, पाचव्या सीझनमधला दुसरा. आधीच्या शंभर वर्षांत तामारियन लोकांशी सात वेळा गाठ पडलेली आहे आणि सातही वेळा कुणाला काही समजलेलं नाही. का? यानावरचं यंत्र त्यांचे शब्द भाषांतरित करून देतं, शब्द सगळे कळतात, पण ते लोक बोलतात आपल्या गोष्टींच्या संदर्भांतून, आणि टेंबा कोण, शाका कोण, कुठल्या भिंती पडल्या, हे ठाऊक नसल्यामुळे अर्थ लागत नाही. तुम्ही खाली ‘घे, तुझ्यासाठी’ लिहिलंत की गच्चीवरच्या सगळ्यांना पहिल्या मिनिटाला समजेल आणि पिकार्ड मात्र रात्रभर थंडीत कुडकुडत बसलेला दिसेल. पाहणारा त्याच्याइतकाच अंधारात असला पाहिजे. तरच पुढे त्याला उलगडतं तेव्हा आपल्यालाही उलगडेल.

आणि साठीच्या पुढच्यांची काळजी करू नका. त्यांना ही भाषा आपल्यापेक्षा चांगली येते. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेल्या सावकारी पत्रात काय होतं? दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणती नाही. शब्दकोश घेऊन बसलात तर तो दागिन्यांचा हिशेब. भाऊसाहेब आणि विश्वासराव ज्याला माहीत, त्यालाच ती बातमी. १४ जानेवारी १७६१. यंदा अक्षतेच्या दिवशी तीच तारीख आहे.

---

भाऊ, ११ जानेवारी, सकाळी ९.५०

नानांनी पानिपत काढलंच आहे तर माझी सूचना. सगळीकडे आपलेच संदर्भ घालू या. ‘शाका, व्हेन द वॉल्स फेल’ला ‘पानिपत झालं’.

माझी मुलगी अमेरिकेतच वाढलेली, मराठी चांगलं बोलते. मागच्या महिन्यात मी फोनवर कुणाला तरी म्हणालो, ‘ऑफिसात कुणीतरी ध चा मा केला.’ तिला दोन्ही अक्षरं येतात, वाक्य काही केल्या कळेना. मग नारायणराव, ‘धरावे’चं ‘मारावे’, ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, हे सगळं सांगावं लागलं. अर्धा तास गेला. आता ती शाळेच्या गटात कुणी निरोप बदलला की ‘ध चा मा’ म्हणते, आणि तिच्या अमेरिकन मैत्रिणीही म्हणायला लागल्यात. म्हणजे त्या मुलीसुद्धा तामारियन झाल्या!

---

अक्का, ११ जानेवारी, दुपारी १.०५

भाऊ, मुलीचा किस्सा फार आवडला, पण सूचना नको. ‘पानिपत’ आपल्याला लगेच कळतं, म्हणजे पुन्हा अप्पांचाच घोळ. आणि डेथन मराठा सरदार नाही. त्याची परकी नावं परकीच राहिली पाहिजेत.

‘शाका, भिंती ढासळल्या तेव्हा’ पक्कं. ‘मिराब, शिडं उभारलेली’ पक्कं. ‘सोकाथ, डोळे उघडलेले’ यात आपल्या भाषेनेच अर्थ फोडलाय, कारण डोळे उघडणं आपण तसंच वापरतो. ते राहू दे, शेवटी शेवटी येतं. अडलेलं आहे ते टेंबाचं, त्यावर बोला.

---

माई, ११ जानेवारी, सायंकाळी ५.३०

मी काल अक्काची कच्ची फाइल घेऊन आजीला भाग दाखवला. इंग्रजीचा गंध नाही, आणि सबटायटल वाचायला चष्मा सापडला नाही. पडवीत बाजेवर बसून शेंगा फोडत बघत होती. रात्रीचा प्रसंग आला. पिकार्डला जाळ करता येत नाही, पलीकडे डेथनचा जाळ पेटलेला. डेथन उठतो, हातात पेटतं लाकूड. आजीचा हात सुपातच थांबला. म्हणाली, ‘आगं, इस्तू देतुया त्यो. घे की रं बाबा!’ पिकार्डला कळायच्या आधी तिला कळलं होतं. थंडीच्या रात्री शेजारच्या चुलीतून विस्तव आणलेली बाई ती.

मग मी विचारलं, काय म्हणतोय तो? तर म्हणाली, ‘टेंभाच म्हनतुया न्हवं? आन् हात फुडं केलाय.’

मला टेंभा एकदम पटला. जळतं लाकूड, मशाल. आपल्या कानाला बरोबर लागतं. ‘टेंभा’ असंच लिहू या का?

---

नाना, ११ जानेवारी

> ‘टेंभा’ असंच लिहू या का?

नको. कानाला गोड लागलं तरी ते विशेषनाम आहे. ‘ब’च ठेवा. शेवटी डेथनचा खंजीर परत द्यायची वेळ येते तेव्हा तामारियन अधिकारी ‘टेंबा, ॲट रेस्ट’ म्हणतो, म्हणजे ठेव तुझ्याकडेच. तिथे कुठला विस्तव? मशाल धरून बसलेला माणूस तिथे गोंधळेल.

पण आजींना माझा नमस्कार सांग. पिकार्डने जे करायला हवं होतं ते त्यांनी केलं. नावाकडे नाही, हाताकडे पाहिलं.

---

अक्का, ११ जानेवारी, रात्री १०.२०

माईच्या मेलमधली आजींची शेवटची ओळ मी दहा वेळा वाचली. ‘हात फुडं केलाय.’

मिळालं. ‘टेंबा, दोन्ही हात पुढे केलेले.’ देणाराही हात पुढे करतो, मागणाराही करतो, आणि मैत्रीसाठीही हातच पुढे केला जातो. वाक्य ऐकून काहीच ठरवता येत नाही, लाकूड हवेत उडालं की ठरतं. पिकार्डची अडचण नेमकी हीच.

नाना म्हणतील ‘वाइड’ कुठे गेलं. गेलं. मी ते सोडलं. मराठीत ‘पसरले’ लिहून त्या माणसाला भिकारी करण्यापेक्षा हे बरं.

अप्पा, गोष्ट कुणाला कळणार नाही ही भीती मनातून काढा. जखमी डेथनपाशी बसून पिकार्ड प्राचीन मेसोपोटेमियातल्या गिल्गमेश आणि एन्किडूची गोष्ट सांगतो, तिथे मी एक शब्दही गाळलेला नाही. मोठ्या अक्षरांत, सावकाश येईल. दोघं आधी भांडतात, मग मित्र होतात, मग एक जातो. सांगणाऱ्यासमोरचा माणूसही जाणाराच आहे. तिथे कुणाला अडचण येणार नाही.

---

अप्पा, १२ जानेवारी, सकाळी ६.०५

बरं. ‘हात पुढे केलेले’ला माझी हरकत नाही. एक मात्र ऐक, ती ओळ आधी येऊ देऊ नकोस. लाकूड हातातून सुटतं त्याच क्षणी आली पाहिजे. मी आज संध्याकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालून तिकडूनच तुझ्याकडे येतो, प्रोजेक्टर घेऊन. तो प्रसंग तीनदा लावून बघू.

१८ ला सात वाजता. गच्चीवर वारं फार असतं, प्रत्येकाने आपली चादर आणावी. माई, आजींना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतोय. त्या बाजेवरच बसणार असतील तर आजच सांग, टेम्पोवाल्याला निरोप द्यावा लागेल.