मेटलाइफला उघड्यावरची आइस हॉकी: आईबाबांना न्यावं का, सीट कुठली घ्यावी?

मेघना_जर्सी
नमस्कार मंडळी, 17 आणि 18 फेब्रुवारीला (2024) न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये एनएचएलची (इथली आइस हॉकीची मोठी लीग) स्टेडियम सिरीज, म्हणजे उघड्यावरच्या मॅचेस आहेत, शनिवारी रात्री डेव्हिल्स-फ्लायर्स आणि रविवारी दुपारी रेंजर्स-आयलंडर्स. नवरा रेंजर्सचा पक्का फॅन, त्यामुळे रविवार ठरल्यातच जमा. आईबाबा पुण्याहून आलेत, बाबा कॉलेजात हॉकी खेळायचे, त्यांना बर्फावरची एकदा तरी बघायचीच आहे. पण थंडी, त्यात आईचे गुडघे. बाबांना जवळून दिसावं म्हणून खालच्या महागाच्या सीट घ्याव्यात का?

शिकागोकर
खालच्या सीट अजिबात नको! बंद अरीनात काचेला चिकटून बसण्यात मजा असते, इथे उलटं आहे. रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, 200 बाय 85 फुटांचं, ते फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध, म्हणजे पहिल्या रांगेपासूनही बर्फ लांबच, आणि तुम्ही इतक्या खाली की रिंकभोवतीच्या साडेतीन फुटी बोर्डाच्या (कठड्याच्या) आड जवळच्या बाजूचा पक दिसतच नाही, तीन इंचांची तर चकती ती. मी रिग्ली फील्डला 2009 ची विंटर क्लासिक (तीही एनएचएलची उघड्यावरची मॅच) बघितलीय, रेड विंग्सनी आमच्या ब्लॅकहॉक्सना 6-4 हरवलं. ते बेसबॉलचं मैदान तरी लहान, मेटलाइफ प्रचंड आहे. 200 लेव्हल (मधला मजला) घ्या, लांब बाजूची, मधल्या भागातली. 300 च्या वरच्या रांगांतूनही खेळ छान उलगडतो, पण तिथल्या पायऱ्या खड्या आहेत, काकूंना नको.

एडमंटनवासी
मी 22 नोव्हेंबर 2003 ला कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये होतो, ऑइलर्स-कॅनेडियन्स, उणे 18 च्या आसपास तापमान आणि 57,167 माणसं, कॅनेडियन्सचा गोलकीपर थिओडोरने मास्कवर लोकरीची टोपी घातलेली. मेटलाइफला तसली थंडी नसणार, पण तीन तास एका जागी बसून राहायचं हे विसरू नका. थंडी पायातून चढते, सगळे जाकिटाचा विचार करतात आणि काँक्रीटवर पाय टेकून गारठतात. पायाखाली पुठ्ठा टाका, जाडसा, आणि सुती मोजे नकोत, घामाने ओले राहतात, लोकरीचे घाला आणि बूट एक साइज मोठे. हँड वॉर्मरची पाकिटं घरून निघतानाच फोडा, हवा लागल्यावर तापायला वेळ घेतात. मॅचचे तीन पीरियड असतात, दोन पीरियडच्या मध्ये साधारण 18 मिनिटं मिळतात तेव्हा आईंना आतल्या बाजूला घेऊन जा, गरम काहीतरी प्या, जरा चाला. फोन आतल्या खिशात ठेवा कारण थंडीत बॅटरी पटकन उतरते आणि तिकीट फोनवरच असतं.

सखी_होबोकेन
माझं मत थोडं वेगळं. काकांना खेळ कळायला हवा असेल तर नेवार्कला प्रुडेंशियल सेंटरच्या बंद अरीनात साधी मॅच दाखवा, उब असते, काचेवर आदळणारे खेळाडू समोर दिसतात. उघड्यावर माणूस माहोल बघायला जातो. तोही अनुभव मोठाच, 2014 ला अ‍ॅन आर्बरच्या विंटर क्लासिकला बर्फ पडत असताना लाखाच्या वर लोक बसले होते. पण पहिलीच मॅच ही नको.
आणि बॅग पारदर्शकच लागते, साधी पर्स असेल तर तळहाताएवढी. ट्रेन सीकॉकसला बदलून मेडोलँड्सची (स्टेडियमजवळचं स्टेशन) पकडा, परत येताना स्टेशनवर तुफान गर्दी असते, सगळ्यांबरोबर धावू नका, अर्धा तास आतच थांबा.

मेघना_जर्सी
सगळ्यांचे खूप आभार!! जाऊन आलो. सखी, तुझं ऐकून आधी नेवार्कला एक मॅच दाखवली, त्याचा फार उपयोग झाला, बाबांना ऑफसाइड आणि पॉवर प्ले (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसतो तो वेळ) तिथेच कळले. रविवारी 200 लेव्हलला होतो, रेंजर्स 1-4 मागे, शेवटची काही मिनिटं राहिली तरी 3-5, नवरा गप्प बसलेला, मग दोन गोल होऊन बरोबरी आणि ओव्हरटाइमच्या दहाव्या सेकंदाला पनारिनचा गोल, 6-5! जवळजवळ ऐंशी हजार लोकांचा तो आवाज, बाबा उभे राहून ओरडत होते. आईला पुठ्ठ्याने खरंच वाचवलं, मागच्या रांगेतल्या बाईंनी तिला विचारलं कुठून आणला म्हणून. स्वेटरवर स्वेटर चढवण्यापेक्षा आत एक थर्मल घालावा, बाबांनी तो घातला नव्हता आणि दुसऱ्या पीरियडनंतर त्यांना माझी शाल द्यावी लागली.